घरवार लावलेले फोटो

भाऊजी, व्हायरस आला नव्हता.

एवढं एक वाक्य तुम्हाला सांगायला मला चार वर्षं पुरली नाहीत. रविवारी संध्याकाळी तुम्हाला नांदुऱ्याच्या स्टँडवर सोडायला यायचो, तेव्हा ते अगदी तोंडाशी यायचं. मग वडनेरची गाडी लागायची, तुम्ही खिडकीतून हात करायचे आणि मी घरी परतायचो. आता तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. जलदान विधी झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, ताई दोन घास जेवते. सांगायला आता काहीच अडचण नाही, कारण ऐकायला तुम्ही नाहीत.

जलदानाच्या दिवशी मांडवात सात-आठ जण तुमच्याविषयी बोलले. कोणी खोटं बोललं नाही. मीही बोललो. जे बोललो ते खरंच होतं, पण त्यात हे नव्हतं.

वडनेर भोलजीत तुम्ही टपाल वाटायचे आणि फोटो काढायचे. दोन्ही कामं एकाच फेरीत व्हायची. खांद्याला टपालाची पिशवी आणि गळ्यात तो चंदेरी कॅमेरा. त्याच्या बॅटरीचं झाकण तुटलेलं होतं, म्हणून त्यावर तुम्ही नोटांच्या बंडलाचं रबर चढवलेलं. कोणाचं साक्षगंध, कोणाच्या लेकराचं नाव ठेवणं, कोणी नवी मोटरसायकल आणली, कोणाच्या नव्या घराचा स्लॅब पडला. दोन-तीन रविवारांनी तुम्ही कॅमेऱ्यातलं कार्ड पोस्टाच्या जुन्या पाकिटात घालून माझ्याकडे आणायचे, कारण सगळ्या नात्यात घरी कॉम्प्युटर असलेला मी एकटाच. कॉम्प्युटरला तुम्ही कायम पेटी म्हटलं. चप्पल काढतानाच विचारायचे, "काय साळेबुवा, पेटी जागी आहे का?"

फोल्डर कसं करायचं हे मी तुम्हाला शिकवलं, त्या दिवसाची मला अजून गंमत वाटते. एका बोटाने अक्षरं शोधत तुम्ही पहिलं नाव लिहिलं, 'टपरीवाले'. दुसरं लिहिलं, 'विहिरीजवळचे'. मी म्हणालो, "भाऊजी, असं नाही. कार्यक्रमाचं नाव टाका, तारीख टाका."

"माहे फोटो कार्यक्रमाचे नाहीत," तुम्ही म्हणाले. "घराचे आहेत."

दहा-बारा घरं झाली आणि पाहतो तर कॉम्प्युटरने ती सगळी अक्षरांच्या क्रमाने मांडली होती. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून पडद्याकडे पाहत राहिले. "हे पाहा. माहं शेवटचं घर यानं पहिलं आणून ठेवलं. अशा पोस्टमनले गावानं चपलीनं हाणलं असतं." मग मी तुम्हाला नावाआधी आकडा टाकायला सांगितलं. ०१ टपरीवाले. ०२ विहिरीजवळचे. असं करत स्टँडपासून शाळेवरून, विहारावरून, नाल्यापलीकडच्या मजूर वस्तीपर्यंत तुमची रोजची फेरी त्या पेटीत उतरली. शेवटचा आकडा ११८ होता. यादी उघडली की तुम्ही पडद्यावर बोट ठेवून वरून खाली येत जायचे आणि वाटेत भेटल्यासारखं एकेका घराविषयी बोलायचे. वडनेर हे माझ्यासाठी बहिणीचं गाव. चार सणांना जायचं आणि यायचं एवढंच. तुमच्या त्या यादीमुळे मला ते रस्त्यासकट पाठ झालं.

गावात कोणी गेलं की लोक तुमच्याकडे यायचे. फ्रेमसाठी फोटो लागायचा. अनेकांकडे त्यांच्या आईचा किंवा बापाचा एकट्याचा फोटो कधी काढलेलाच नसायचा. तुम्ही त्या घराचं फोल्डर उघडायचे, लग्नातल्या नाहीतर वाढदिवसातल्या गर्दीतून ते माणूस शोधायचे, आणि मी ते कापून मोठं करून द्यायचो. पाच-दहा मिनिटांचं काम. वडनेरात आजही अशा तीन फ्रेमा आहेत की ज्यात गेलेल्या माणसाच्या खांद्यावर कोणाचा तरी हात आहे. हात घालवता येतो का पाहू, असं मी पहिल्यांदा म्हणालो तेव्हा तुम्ही मला थांबवलं. "राहू द्या. सोबत होईल."

आपलं भांडण मात्र जागेवरून होतं. डिस्कच्या जागेवरून.

एकाच फोटोत नऊ घरांची माणसं असली तर तुम्ही तो फोटो नऊ फोल्डरांत ठेवायचे. एका लग्नाचे दोनशे फोटो असले की त्याचे हजार होत. कॉम्प्युटर उघडला की डिस्कची पट्टी लाल दिसायची. मी तुम्हाला किती वेळा समजावलं. मी शाळेच्या ऑफिसात लिपिक. आमच्याकडे कागद आला की आधी त्याच्यावर तारीख पडते, एक नंबर पडतो आणि तो एकाच फाइलीत जातो. दोन ठिकाणी ठेवला की कधीतरी दोन्हीकडे सापडत नाही. तुम्ही ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तारखेचा ठप्पा आम्ही बी मारतो साळेबुवा. पण चिठ्ठी तारखेले नाही देत. घराले देतो."

"अहो, पण एकच फोटो नऊ वेळा?"

"मंग कोणाच्या घरी ठेवू सांगा. पोरगी इकडची, पोरगं तिकडचं, मामा तिसरीकडचा. एकाले देला तर आठ घरं म्हणतील, आमचं टपाल कुठी गेलं."

हे भांडण अर्धवटच राहिलं. तुम्ही गेले म्हणून मी आता तुमच्या बाजूचा झालो, असं लिहिणं सोपं आहे, पण ते खरं होणार नाही. एकच फाइल नऊ जागी ठेवणं ही काम करण्याची चांगली रीत नाही, असं मला आजही वाटतं. माझी चूक त्या मतात नव्हती.

मुलीचे ऑनलाइन वर्ग सुरू होते त्या वर्षाची ही गोष्ट. कॉम्प्युटर मध्येच अडकायचा, मुलगी रडकुंडीला यायची, बायको म्हणायची, "तुमच्या भाऊजींच्या गावानं पेटी भरली, लेकीनं शिकावं कुठं?" शनिवारी दुपारी मी बसलो. इंटरनेटवरून एक प्रोग्राम उतरवला. तो सारखे फोटो शोधून एकच ठेवतो आणि बाकीचे पुसतो. त्याने दीड तास काम केलं. पट्टीचा लाल रंग गेला, अर्धी डिस्क मोकळी झाली. तिथे मी थांबायला हवं होतं. पण उरलेले फोटो कोणते या घरात, कोणते त्या घरात, असे विखुरलेले दिसत होते आणि मला ते सहन झालं नाही. मी दुसरा प्रोग्राम लावला. तो प्रत्येक फोटोच्या आत लिहिलेली तारीख वाचतो आणि वर्षाप्रमाणे, महिन्याप्रमाणे फोल्डर करून फोटो तिकडे हलवतो. मागे उरली तुमची एकशे अठरा घरं, रिकामी. रिकामी फोल्डरं ठेवून काय करायचं म्हणून मी तीही पुसली. मग कचरापेटीही रिकामी केली. मला वाटलं, भाऊजी पाहतील आणि मान्य करतील.

त्यानंतर मी तारखा पाहिल्या. सगळे फोटो एकाच वर्षाच्या जानेवारीत जाऊन बसले होते. बरेचसे तर एक तारखेलाच. झाकण तुटलेल्या तुमच्या कॅमेऱ्यातून बॅटरी निसटायची, आणि दर वेळी त्याचं घड्याळ पुन्हा पहिल्या दिवसावर यायचं. तुम्ही ते कधी लावलंच नव्हतं. तारखेशी तुम्हाला काही देणंघेणं नव्हतं. दहा वर्षांची लग्नं, बारशी, स्लॅब, मोटरसायकली, सगळं वडनेर एका महिन्यात कोंबलेलं. तुमचा एकही वेगळा फोटो गेला नव्हता, भाऊजी. घरं गेली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. तुम्ही आले, पाणी पिऊन खुर्चीत बसले, आणि बराच वेळ माउस इकडून तिकडे फिरवत राहिले. "माहं गाव कुठी गेलं?" तुम्ही विचारलं. आवाज चढलेला नव्हता. मी चहाचा कप तुमच्यासमोर ठेवला आणि म्हणालो, "व्हायरस आला होता. फोटो वाचले, पण फोल्डर गेले."

तुम्ही माझ्यावर संशय घेतला असता तर मी कबूल केलं असतं, असं मला वाटतं. तुम्ही संशय घेतला तो स्वतःवर. मागच्या महिन्यात एका फोटोच्या दुकानात ते कार्ड मशीनला लावलं होतं, हे तुम्हाला आठवलं. "तिथूनच आला असंन. माह्या कार्डानं तुमच्या पेटीले रोग लावला," तुम्ही म्हणाले. "पोरीचा अभ्यास तर नाही ना गेला?" मी म्हणालो, नाही गेला. त्यानंतर चार महिने तुम्ही कार्ड आणलं नाही. पुढे आणलं तेव्हा ते पाकिटाच्या आत पुन्हा एका रुमालात गुंडाळलेलं होतं.

एवढ्यावर हे थांबलं असतं तर माझं मी निभावून नेलं असतं. पण पुढच्या वर्षी नाल्यापलीकडचा नामदेव गेला.

त्याची बायको अंजनाबाई तुमच्याकडे आली आणि तुम्ही तिला घेऊन नांदुऱ्याला माझ्या घरी आले. जलदान दोन दिवसांवर होतं. नामदेवचा फोटो होता हे तिला पक्कं ठाऊक होतं. "पुतणीच्या लगनात भाऊनंच काढला," ती म्हणाली. "हिरवा शर्ट होता, नवा. हासून राह्यले होते. ते फोटोत कधी हासत नव्हते." तुमच्या फेरीत तिचं घर शेवटचं, ११८. पूर्वी असतं तर तुम्ही ते फोल्डर उघडून दोन मिनिटांत हिरवा शर्ट पडद्यावर आणला असता. त्या दुपारी तुम्ही त्या जानेवारीतले हजारो बारीक बारीक फोटो वरून खाली सरकवत राहिले. अंजनाबाई जमिनीवर बसून मान वर करून पाहत होती. मी खुर्ची दिली, ती बसली नाही. तीन तास झाले. तुमच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, पडदा पाहून पाहून. मी तुमच्या मागे उभा होतो. काय झालं होतं हे त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं.

शेवटच्या गाडीची वेळ झाली. ती उठली. दारात तिने तुम्हाला विचारलं, "भाऊ, सार्‍या गावाचे फोटो तुम्ही ठीवले. आमचंच घर तुमच्या रस्त्यावर नव्हतं काय?"

तुम्ही व्हायरसचं नाव घेतलं नाही. माझ्या पेटीला बोल लागेल म्हणून असेल. खाली पाहून म्हणाले, "होतं बाई. माह्याच्यानं सांभाळणं झालं नाही." नामदेवची फ्रेम आधार कार्डावरच्या फोटोची झाली. त्यात तो घाबरलेला दिसतो.

तुमच्या जलदानाला सगळं गाव आलं. मजूर वस्तीतून बायका आल्या, त्यांनीच भांडी घासली. संध्याकाळी ताई सहज बोलल्यासारखं बोलली, "सारं गाव येऊन गेलं. अंजनाबाई तेवढी नाही आली."

"काऊन?" मी विचारलं. मला ठाऊक असून विचारलं.

"नामदेवच्या फोटोपासून ती बोलत नव्हती त्याईच्याशी. त्याईनं बी कधी समजावलं नाही तिले."

पंधरा दिवसांनी ताईला मी आमच्याकडे घेऊन आलो. एका सकाळी ती ओट्याजवळ बसून मेथी निवडत होती आणि मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. प्रोग्राम, जानेवारी, व्हायरस. तिने मेथी निवडणं थांबवलं नाही.

"म्हंजे पेटीले रोग नव्हता?"

"नव्हता."

"ते शेवटपर्यंत ते कार्ड रुमालात ठेवत होते," ती म्हणाली. "कोणी मागतलं तर देत नव्हते. म्हणत, रोगी आहे, तुमच्या मोबाइलले लागंन." मग मेथीची पुढची जुडी सोडत म्हणाली, "मले सांगून काय फायदा? मी कुठी रुसली होती त्याईच्यावर."

त्याच दिवशी मी एक वेगळी डिस्क विकत आणली. तळहाताएवढी असते. ती चार वर्षांपूर्वीच आणली असती तर हे काहीच झालं नसतं. त्याबद्दल आणखी काय लिहू.

मग आम्ही दोघं बसू लागलो. ताई माझ्या शेजारी, चष्मा लावून. मी फोटो मोठा करायचो, ती सांगायची हा कोणाकडचा. टपालाची फेरी तिच्याही पाठ होती, हे मला नवीन होतं. तुम्हाला ताप असला की पिशवी घेऊन तीच जायची म्हणे. ती घर सांगायची, मी आकडा टाकायचो आणि फोटो त्या घरात ठेवायचो. माणसं तीन घरांची असली तर तीन घरांत. मी वाद घातला नाही. काही चेहरे तिलाही ओळखू येत नाहीत. तिथे ती म्हणते, "हे त्याईलेच माहीत," आणि आम्ही पुढे जातो.

सहाव्या दिवशी ती म्हणाली, "थांब. मागं घे. तो आडवा पडलेला."

कॅमेरा उभा धरून काढलेला फोटो होता, कॉम्प्युटरने तो कुशीवर झोपवला होता. बारीक आकारात तो हिरव्या कापडाच्या ठिगळासारखा दिसे. मी तो उभा केला. नामदेव. नवा शर्ट, कॉलरला घडीची रेघ अजून तशीच, आणि तोंडभर हसू. त्या दुपारी हा फोटो तुमच्या, माझ्या आणि अंजनाबाईच्या डोळ्यांखालून गेला असणार. त्याच महिन्यात होता तो.

स्टँडजवळच्या दुकानात मी त्याची मोठी प्रत काढली आणि परवा ताईला घेऊन वडनेरला गेलो. ताईला घरी सोडून मी एकटाच नाल्यापलीकडे गेलो. अंजनाबाई अंगणात गोवऱ्या रचत होती. जयभीम झाला. तिने हात धुतले, मला बाजेवर बसवलं. मी पाकीट आधी काढलं नाही. आधी सांगितलं. तुमच्या घराचं वेगळं फोल्डर होतं, भाऊजींनी ते नीट सांभाळलं होतं, ते मी मोडलं, आणि खोटं बोललो. भाऊजींना शेवटपर्यंत खरं माहीत नव्हतं. हे मी ऑफिसातलं टिपण वाचावं तसं बोललो. दुसऱ्या कुठल्या आवाजात मला ते जमलं नसतं.

तिने विचारलं, "मी तिथं तीन घंटे बसली होती. तवा काऊन नाही सांगितलं?"

"लाज वाटली."

"आता नाही वाटत?"

"वाटते."

मग मी फोटो दिला. तिने तो लांब धरला, जवळ धरला. आतल्या भिंतीवर ती दुसरी फ्रेम दिसत होती, प्लॅस्टिकच्या हारासकट. मी म्हणालो, फ्रेमवाल्याकडून बदलून आणून देतो. ती म्हणाली, "राहू द्या दादा. लहान्या नातीनं आजा त्याच्यातच पाह्यला. आता बदलला तर इचारंन, हा कोण होये." फोटो तिने पाकिटात परत घातला आणि पाकीट मांडीवर ठेवून त्याच्यावर हात ठेवला.

"मी भाऊले लय लागट बोलली," ती म्हणाली. "मंग आठ दिवसांनी ते माह्या पेन्शनचा कागद घेऊन आले. उन्हाचे. मी कागद घेतला आन् दार लोटलं. पाणी बी नाही इचारलं. सार्‍या गावात माह्या एकटीच्या दारातून ते बिनपाण्याचे गेले." आणि मग माझ्याकडे पाहून, "हे तुम्ही तवाच सांगाले पाहिजे होतं. नाहीतर आता तरी सांगाले नको होतं."

माझं ओझं उतरवायला मी गेलो आणि त्यातलं काही तिच्या अंगावर ठेवून आलो. पण तुमच्यावर ठेवलेलं तेवढं उचललं गेलं, एवढंच मी स्वतःला सांगतो.

तिने पदर नीट केला, दाराला कडी घातली. "मी येतो ताईकडे," म्हणाली. वस्तीतून स्टँडकडे आम्ही चालत आलो, ती पुढे आणि मी मागे. तुमच्या फेरीच्या उलट.

ताई ओट्यावर बसली होती. अंजनाबाई तिच्याजवळ खाली बसली. दोघी पावसाचं बोलल्या, सोयाबीनचं बोलल्या. मग अंजनाबाई तिच्याकडे न पाहता म्हणाली, "ताई, भाऊले मी एकदा बिनपाण्याचं धाडलं."

"कवा, तो पेन्शनचा कागद घेऊन आले होते तवा?" ताई म्हणाली. "घरी येऊन तांब्याभर पेले होते. तरी तुह्याकडं पेले म्हणूनच सांगत होते मले."

अंजनाबाईने पदर तोंडाला लावला. ताईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मला चहाचं पाणी ठेवायला आत पाठवलं. ताईला हे खरंच आठवत होतं, की तिने ते तिथल्या तिथे रचून सांगितलं, हे मी तिला विचारलेलं नाही.